फोटोतला बाप झोपला नव्हता: लेखन शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचं प्रकरण

बेळगावातल्या एका पदवी कॉलेजात मराठी लेखन शिकवणाऱ्या माझ्या सहकारी प्राध्यापिकेची ही हकिगत. 2018 ते 2022 या काळात त्या शिक्षक म्हणून कशा बदलत गेल्या, हे मी शेजारच्या टेबलावरून पाहिलं. त्यांच्या परवानगीनं लिहितोय. मसुदा त्यांनी वाचला आणि दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं. कॉलेजचं, मुलांचं, फोटोग्राफरचं नाव घेतलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. त्यांना इथं नुसतं 'मॅडम' म्हणतो, कारण मुलंही तसंच म्हणतात.

## पार्श्वभूमी

आमच्याकडं मराठी घेणारी मुलं वडगाव, शहापूर, येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव अशी आसपासची. काही खानापूर, जांबोटीकडून रोज बसनं येतात आणि एखाददुसरं निपाणीचं मूल नातेवाइकांकडं राहून शिकतं. बहुतेकांची दहावीपर्यंतची शाळा मराठी. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, माध्यम बदलतं आणि डिग्रीला आल्यावर मराठी उरते ती एका पेपरापुरती. घरात मराठी, बसची पाटी कानडी, तलाठ्याकडचा अर्ज कानडी, मोबाइल इंग्रजी. 2010 ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. त्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठ बदललं, अभ्यासक्रम बदलले, पण निबंध, पत्र, वृत्तांत हा लेखनाचा पेपर कुठल्या ना कुठल्या रूपात टिकून राहिला.

मॅडम हा पेपर चौदा वर्षं शिकवत होत्या. त्यांच्या नोट्स नीटनेटक्या, अक्षर मोत्यासारखं आणि निकाल चांगला. तक्रारीला जागाच नव्हती, त्यामुळं बदलायचं कारणही कुणी दिलं नाही.

पण वह्या तपासताना त्या मधेच पेन खाली ठेवायच्या, हे मी कितीदा पाहिलंय. एकदा त्यांनी एक वही माझ्यासमोर ठेवली. विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. मुलगी खानापूरच्या पश्चिमेकडच्या, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका वाडीतली. त्या भागात पाऊस असा लागतो की जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, दिवसदिवस वीज नसते आणि ओढा चढला की शाळा बुडते. तिच्या निबंधात मोर पिसारा फुलवून नाचत होता, मुलं कागदाच्या नावा सोडत होती आणि शेवटी इंद्रधनुष्य होतं. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. मॅडमनी आठ गुण दिले आणि म्हणाल्या, "हे गुण मी कुणाला दिले, ठाऊक नाही. हिला तर नाहीच."

## कॅमेरा कसा आला

मॅडमच्या भावानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना डीएसएलआर यांच्याकडं दिला. सोबत 50 मिमीची एकच लेन्स. झूम नाही, त्यामुळं जवळचं हवं असेल तर स्वतः चालत जवळ जायचं. 2018 च्या उन्हाळ्यात त्यांनी शहापुरातल्या एका फोटोग्राफरकडं रविवारी सकाळी शिकायला सुरुवात केली. माणूस लग्नाचे फोटो काढणारा. स्टुडिओत मांडणी म्हणून एक जुनी लाकडी खुर्ची आणि मागं निळा पडदा, बाकी काही नाही.

पहिल्या महिन्यातले मॅडमचे फोटो मी पाहिलेत. राजहंसगडावरून सूर्यास्त, पाण्यावरची कमळं, धुक्यातलं झाड. फोटोग्राफरनं ते एकेक करून पाहिले आणि विचारलं, "चांगलं आहे ओ. पण ह्यात तुमचं काय?" त्या घरी गेल्या आणि त्यांना मोराचा निबंध आठवला.

पुढचा धडा त्यांना किल्ल्यातल्या कमल बस्तीत मिळाला. 1204 च्या सुमारास रट्ट राजांच्या काळात बांधलेलं हे जैन मंदिर. बाहेर उन्हाचा कडाका आणि आत काळोखात उभे गुळगुळीत दगडी खांब. आतून दाराकडं कॅमेरा धरला की मीटर दाराचा उजेड मोजतो आणि खांब काळे करून टाकतो. खांब दिसायला हवेत तर शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, मग दार पांढरं फटक पडतं. दोन्ही एकदम नीट येत नाही. फोटोग्राफरनं सांगितलं होतं: एका जागी 36 फोटो काढायचे, फिल्मच्या रोलमध्ये असायचे तेवढेच. जागा सोडायची नाही, काही डिलीट करायचं नाही. दहा-बारा फोटोंनंतर सुचायचं संपलं. विसाव्यानंतर, त्या म्हणतात, पहिल्यांदा तो खांब दिसायला लागला.

सोमवारी स्टाफरूममध्ये येऊन त्या मला म्हणाल्या, "आपण पोरांना पहिल्या फोटोलाच गुण देतो."

## पहिला निर्णय: कागद की रविवार

त्या वर्षी त्यांची बढतीची फाइल तयार व्हायची होती. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणं बढतीसाठी शिक्षकांचे उजळणी वर्ग करावे लागत. रविवारचा फोटोग्राफीचा वर्ग त्यात कुठंच बसत नाही. प्रमाणपत्र नाही, विषय मराठी नाही, शिकवणाऱ्याच्या नावामागं पदवी नाही. उन्हाळ्याची सुटी एकच. मॅडमपुढं रस्ते होते तीन: उजळणी वर्ग करून फाइल पुरी करणं, वर्षभर फाइल लांबवून फोटोग्राफी नीट शिकणं, किंवा दोन्ही थोडं थोडं.

त्यांनी फाइल वर्षभर लांबवली. मी तेव्हा विरोध केला होता. घरचं कर्ज होतं आणि पगारातला फरक लहान नव्हता. आजही मला वाटतं की तो निर्णय प्रत्येकाला परवडणारा नाही. त्यांना परवडला, कारण नोकरी कायम होती. आमच्याच विभागात अतिथी व्याख्याते आहेत, त्यांनी असं केलं असतं तर पुढच्या वर्षी तास मिळाले नसते. हे सांगितल्याशिवाय त्या निर्णयाचं कौतुक करणं बरोबर होणार नाही.

उजळणी वर्ग त्यांनी पुढं 'स्वयम' या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइन पुरा केला. त्यातून जे शिकल्या ते अभ्यासक्रमात नव्हतं. व्याख्यान चालू आणि मॅडम कॅमेरा बंद करून, आवाज बारीक ठेवून भाजी निवडतायत. प्रश्नावलीची उत्तरं पुढं-मागं करून भरली. पास झाल्या. ऑनलाइन विद्यार्थी कसा वागतो हे त्यांना वर्षभर आधीच स्वतःवरून कळलं होतं.

## अडचण

मार्च 2020 च्या मध्यावर कॉलेजं बंद झाली. सप्टेंबरमध्ये नवं वर्ष ऑनलाइन सुरू झालं. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं. गूगल मीटवर पहिल्या दिवशी तीस, आठवड्याभरात बारा. पडद्यावर काळे चौकोन आणि त्यात नावाचं पहिलं अक्षर. "आवाज येतोय काय?" विचारलं की दोन मिनिटांनी चॅटमध्ये कुणीतरी लिहायचं, "रेंज येईना झालंय मॅडम."

सगळं रेंजचंच होतं असं नाही. एका फोनवर तीन भावंडांचे वर्ग होते. दिवसाला दीड जीबीचा पॅक आणि एका तासाचा व्हिडिओ वर्ग त्यातले कित्येक एमबी गिळायचा. बापाबरोबर शेतात इंद्रायणी भाताची कापणी करताना पोरं कानात इअरफोन घालून हजेरी द्यायची. निबंध मागवले तर तेच यायचे, नेटवरून उचललेले. दोन निबंधांत तर मूळ लेखकाचं गावही तसंच राहिलं होतं.

## समोरचे पर्याय

विभागाच्या बैठकीत, म्हणजे तीन शिक्षकांच्या फोनवर, चार गोष्टी बोलल्या गेल्या. मीटवरची व्याख्यानं तशीच चालवावीत: वेळापत्रक दाखवता येतं, पण शिकतंय कोण? व्याख्यानं रेकॉर्ड करून टाकावीत: मुलं सवडीनं बघतील, पण लिहायला बसवणार कोण आणि डेटाचं काय? पीडीएफ नोट्स: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात निरुपयोगी. चौथा पर्याय मॅडमचा. मीट आठवड्यातून एकदाच, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. मुलांनी फोननं एक फोटो काढायचा आणि त्यावर शंभर-सव्वाशे शब्द लिहायचे. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळं तो काहीशे केबीत जातो. मॅडमचा अभिप्राय एका मिनिटाच्या आवाजी संदेशात.

मी विचारलं होतं, ज्यांच्याकडं फोनच नाही त्यांचं काय? मॅडम म्हणाल्या, "बघू." हे 'बघू' पुढं महागात पडता पडता राहिलं.

## काय केलं

प्रत्येक फोटोबरोबर तीन प्रश्न होते. फोटोत काय आहे? कडेला, बाहेर काय राहिलं? तू कुठं उभा होतास? आणि एक बंदी: रम्य, मनमोहक, विलोभनीय, निसर्गरम्य हे शब्द वापरायचे नाहीत.

पहिल्या आठवड्यात मावळणारे सूर्य आले, झेंडूची फुलं आली, कुणाचं तरी मांजर आलं. मॅडमनी कुणालाच नावं ठेवली नाहीत. फक्त सांगितलं, हीच जागा, अजून दहा फोटो. तिसऱ्या आठवड्यापासून फरक दिसायला लागला. खडेबाजारातल्या बंद दुकानाच्या फळीवर बसलेला हमाल आला, येळ्ळूरच्या घराच्या सोप्यात रचलेली भाताची पोती आली. एका मुलानं नुसती घराची पायरी काढली आणि लिहिलं की आजोबा गेल्यापासून तिथं कुणी बसत नाही, सगळे शेजारच्या पायरीवर बसतात.

खानापूरकडच्या त्या मुलीचा फोन बटणांचा होता आणि रेंज देवळाच्या टेकावर गेल्यावरच यायची. तीन आठवडे ती यादीत 'गैरहजर' होती. मग तिनंच फोन लावला. मॅडम म्हणाल्या, फोटो काढू नकोस, काढला असतास तर काय आलं असतं ते सांग. ती टेकावर उभी राहून सांगत होती, मॅडम इकडं वहीत उतरवत होत्या. मूळ कागद मी पाहिलाय. सुरुवात अशी: "जून लागला की आमच्या कपड्यांना धुराचा वास येतो. चुलीवर दोरी बांधून वाळवतो. शाळेत बाई विचारायच्या, चुलीत बसून आलीस काय?"

मोर कुठं गेला ते मी मॅडमना विचारलं नाही. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्याही नाहीत, कागद समोर सरकवून दिला फक्त.

'न काढलेला फोटो' हा प्रकार त्यानंतर सगळ्यांनाच खुला झाला. फोन नाही म्हणून सवलत, असं त्याला म्हटलं नाही, हे महत्त्वाचं. ज्यांच्याकडं चांगले फोन होते त्यातल्याही काहींनी तोच निवडला.

## वडगावचा फोटो

ऑक्टोबरमध्ये वडगावच्या एका मुलाचा फोटो आला. घरातच यंत्रमाग. कोरोनात लग्नं आटोपशीर झाली, साड्यांना उठाव नव्हता, सूत द्यायला व्यापारी कचरत होते. गल्लीतून रात्रंदिवस येणारी खडखड थांबली होती. फोटोत बंद माग, त्याच्या पोटाखाली जमिनीवर बनियनवर आडवा पडलेला बाप आणि खिडकीतून त्याच्या पायांवर पडलेला उन्हाचा पट्टा. चौकट अगदी नेमकी. खाली लिहिलेलं शीर्षक: 'थांबलेला माग, थांबलेला बाप'. मजकुरात निराशा, उपासमार, हताश झोप.

मॅडम हरखल्या. खरं सांगायचं तर मीही. त्यांनी तो फोटो आणि लेख वर्गाच्या गटावर टाकला आणि लिहिलं, "असं बघायला शिका."

संध्याकाळपर्यंत फोटो वर्गाच्या गटातून बाहेर गेला. गल्लीच्या गटावर पोचला, तिथून मंडळाच्या. रात्री मुलाचा मॅडमना मेसेज आला: "बाबा म्हणाले, आमची लाज चव्हाट्यावर मांडलीस." दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

## दुसरा निर्णय

मॅडमनी त्याच रात्री गटावरचा फोटो काढून टाकला आणि मुलांना फोनमधून काढायला सांगितलं. किती जणांनी काढला ते कळायला मार्ग नव्हता. आता पुढं काय, यावर आम्ही दोन दिवस बोलत होतो.

उपक्रम थांबवावा, असं विभागातल्या एका ज्येष्ठांचं मत होतं. घरात कॅमेरा नेला की घराची अब्रू बाहेर येते, आपल्या मुलांची घरं लहान आहेत, त्यांच्याकडं दाखवायची खोली आणि लपवायची खोली वेगळी नसते. या म्हणण्यात मला तथ्य वाटलं, आजही वाटतं. दुसरा मार्ग: माणसांचे फोटो बंद, फक्त वस्तू. सुरक्षित, पण त्यानं हमालही गेला असता. तिसरा: लेख गटावर टाकायचेच नाहीत, फक्त मॅडमना पाठवायचे. चौथा: फोटोतल्या माणसाची परवानगी घ्यायची.

मॅडम काही ठरवण्याआधी वडगावला गेल्या. मास्क लावून, दारातच उभ्या राहून बोलणं झालं. त्या माफी मागायला गेल्या होत्या, गरिबी दाखवली म्हणून. बापाचा राग भलताच निघाला.

"झोपलो नव्हतो ओ मॅडम," तो म्हणाला. "मोटरचा पट्टा ढिला झालता, खालनं बघूलालो हुतो. माग बंद असला म्हणून मी दिवसा झोपतोय? गल्लीत सगळे विचारूलाल्यात, झोप झाली काय?"

घरी येऊन मॅडमनी फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. बापाच्या उजव्या हाताजवळ, सावलीत, पान्हा होता. इतके दिवस कुणालाच दिसला नव्हता. काढणाऱ्या मुलाला नाही, मॅडमना नाही, मला नाही. 36 फोटो काढायला शिकलेल्या बाईनं एका फोटोवर भाळून जाऊन त्याखालचं शीर्षक खरं धरलं होतं.

या सगळ्या प्रकरणात माझ्या मते हीच खरी गाठ आहे. गरिबीचं चित्रण करावं की नाही, हा प्रश्न आहेच. पण इथं चित्रण चुकीचं होतं. मुलानं पाहिलं, पण विचारलं नाही, कारण त्याच्या डोक्यात 'हताश विणकर' आधीच तयार होता. 'मोर' जसा तयार असतो, तसाच. आम्ही मुलांकडून मोर काढून घेतला आणि त्याच्या जागी दुःखी बाप बसवला, कारण दुःखी बापाला आम्ही जास्त गुण देत होतो.

## नंतर काय बदललं

मॅडमनी तिसरा आणि चौथा मार्ग एकत्र केला आणि त्यात एक अट घातली. लेख त्यांच्याकडं येण्याआधी फोटोतल्या माणसाला वाचून दाखवायचा. तो 'नको' म्हणाला तर लेख येणार नाही आणि त्याचे गुण कापले जाणार नाहीत. तो 'असं नव्हतं' म्हणाला तर काय नव्हतं, ते लिहून आणायचं. तीन प्रश्नांत चौथा आला: कुणाला विचारलंस?

या अटीमुळं लेख कमी आले. सप्टेंबरमध्ये आठवड्याला तीस यायचे, डिसेंबरमध्ये पंधरा-सोळा. कागदावर ही घसरणच होती. पण जे यायचे त्यात दोन आवाज असायचे. निपाणीच्या मुलानं विड्या वळणाऱ्या आजीचा फोटो काढला होता. लेखात तिची 'थरथरती बोटं' होती. वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली, बोटं थरथरली तर विडी वळेल काय? आणि मग तिनं मांडीवरचं सूप, पान कापायची कात्री, दोऱ्याचा वेढा, सगळं करून दाखवलं. बोलता बोलता 1981 चं तंबाखू आंदोलन निघालं, निपाणीजवळ महामार्गावर बसलेले शेतकरी, गावात भाकरी गोळा करून तिकडं पोचवणाऱ्या बायका. नातवाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं लेख टाकून दिला आणि दुसरा लिहिला.

वाचून दाखवायचं म्हटल्यावर आणखी एक गोष्ट आपोआप घडली. पुस्तकी मराठी आजीसमोर वाचता येत नाही, ती हसते. मग लेखांत 'करूलाल्यात', 'जाऊलालो', 'व्हय की ओ' यायला लागलं. मॅडम इतकी वर्षं अशा शब्दांखाली लाल रेघ ओढत आल्या होत्या. आता काय करायचं?

हा प्रश्न आमच्याकडं नुसता शुद्धलेखनाचा नसतो. 1946 ला लेखक-पत्रकार ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली याच बेळगावात साहित्य संमेलन भरलं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथं झाला. येळ्ळूर, कडोली, उचगावसारखी गावं आपापली साहित्य संमेलनं भरवतात. इतक्या जिवापाड जपलेल्या भाषेत आपल्या पोरानं लिहिलं आणि आपणच त्याला 'अशुद्ध' म्हटलं, तर त्यानं जायचं कुठं? पण परीक्षा प्रमाण मराठीत आहे, नोकरीचा अर्जही. मॅडमनी मधला रस्ता काढला: पहिला खर्डा बोलीत, माणसांचं बोलणं शेवटपर्यंत बोलीत, निवेदन प्रमाण भाषेत. मला हे पूर्ण पटलेलं नाही. निवेदनही बोलीत का असू नये, यावर आमचा वाद अजून चालू आहे.

## परिणाम

नोव्हेंबर 2020 मध्ये कॉलेज टप्प्याटप्प्यानं उघडलं, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झालं. त्या धरसोडीत उपक्रम टिकला, कारण तो वर्गखोलीवर अवलंबून नव्हता. 2021-22 ला कर्नाटकात नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, अभ्यासक्रमाची फेरमांडणी झाली, तेव्हा मॅडमनी अंतर्गत मूल्यमापनात 'फोटो, चौकशी, लेख' असं काम घातलं.

परीक्षेच्या निकालात फरक पडला असं मी म्हणू शकत नाही. प्रश्नपत्रिका तीच होती आणि गाइडमधून पाठ केलेल्या निबंधाला तिथं अजूनही चांगले गुण पडतात. फरक वह्यांत आहे. एका वर्षाच्या वह्या मी आणि मॅडमनी मिळून चाळल्या. मुलं नामं वापरायला लागली होती: पान्हा, सूप, कांडी, फणी, सोपा, इरलं. पूर्वी विशेषणं होती तिथं आता वस्तू होत्या. खानापूरच्या मुलीचा धुराच्या वासाचा लेख तिनं पुढं एका गावच्या संमेलनात वाचला. मी गेलो होतो. तिची आई पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं, कुणासाठी वाजतायत म्हणून.

मॅडमची फाइल पुढच्या वर्षी मंजूर झाली. त्यात उजळणी वर्गाचं प्रमाणपत्र आहे. कमल बस्ती नाही.

वडगावचा मुलगा दोन महिन्यांनी परत आला. सूत मिळायला लागलं होतं. त्यानं चालू मागाचा फोटो पाठवला, बाप शेजारी उभा, हात मागावर. आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडं धावणारा धोटा फोटोत कुठंच नव्हता, त्या वेगाला फोनचा कॅमेरा पुरा पडला नाही. खाली त्यानं लिहिलं होतं: "धोटा दिसत नाही. बाबा म्हणाले, दिसला तर माग बंद आहे असं समज."

## पुन्हा करायचं झालं तर

मॅडमना मी हा प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, वाचून दाखवायची अट पहिल्या दिवसापासून. मुलांना परवानगीबद्दल त्यांनी सुरुवातीला एक ओळही सांगितली नव्हती. फोटोग्राफरनं त्यांना हे शिकवलं होतं: बाजारात भाजीवालीचा फोटो काढण्याआधी तो तिच्याकडून मेथीची जुडी घ्यायचा, दोन शब्द बोलायचा, मग कॅमेरा उचलायचा. मॅडमना ती त्याची लकब वाटली होती. ती पद्धत होती.

दुसरं, मुलाचं काम गटावर टाकून 'असं बघायला शिका' म्हणणं. आता त्या सगळ्यांसमोर कुणाचाच लेख आदर्श म्हणून ठेवत नाहीत. ठेवायचा असला तर स्वतःचा ठेवतात, चुकांसकट. कमल बस्तीतले ते 36 फोटो त्यांनी एकदा वर्गाला दाखवले, पहिले वीस वाईट आहेत हे सांगून.

माझं एक म्हणणं त्यांना मान्य नाही, तरी इथं नोंदवतो. फोन नसलेल्या मुलीचा विचार पहिल्या दिवशीच करायला हवा होता. ती टेकावर चढून फोन करणारी निघाली म्हणून तिचा लेख आज आपल्यापुढं आहे. यादीत आणखी चार जण 'गैरहजर' होते. त्यांनी फोन केला नाही, आम्हीही केला नाही. मॅडम म्हणतात, पन्नास मुलांना एकेकटा फोन लावणं एका माणसाला शक्य नव्हतं. खरं आहे. पण आम्ही तिघं होतो.

आणि तो पहिला फोटो. मुलाच्या फोनमधून गेला, मॅडमच्या फोनमधून गेला, गल्लीतल्या किती फोनांत राहिला ते सांगता येत नाही. गेल्या दिवाळीत मॅडम शहापूरच्या बाजारात त्या विणकराला भेटल्या. माग बरा चाललाय म्हणाला, पोरगा पुण्यात लागलाय म्हणाला. तेवढ्यात सायकलवरून जाणाऱ्या कुणीतरी त्याला हाक मारली, "काय, झोप झाली काय?" तो हसला. मॅडमना हसता आलं नाही.